राखून ठेवलेलं वर्ष

बावीस मुलं धावत होती आणि त्यांतल्या एकालाच कुणी हात लावत नव्हतं. तो एक माझा मुलगा होता. मी काचेच्या अलीकडे, पालकांसाठी ठेवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. मंगळवार, दुपारचे साडेतीन. बाहेर ऑक्टोबर असूनही एकोणचाळीस अंश, आणि आत, आखातातल्या उम्म सलाल मोहम्मद गावापलीकडच्या त्या प्रचंड एसी शेडमध्ये, मी ऑफिसातलं जॅकेट आणलं नाही म्हणून स्वतःला शिव्या देत होतो. खोटं हिरवं गवत, खोटा पांढरा उजेड, आणि मधोमध लाल शर्ट घातलेला अमेय. शिट्टी झाली की लंबगोल चेंडू त्याच्या हातात यायचा आणि समोरून पाच-सहा धिप्पाड मुलं अंगावर धावून यायची. माझे पाय आपोआप खुर्चीखाली ओढले जायचे. आणि ती मुलं त्याच्यापासून वीतभर अंतरावर येऊन, मिक्सरचं बटण बंद करावं तशी थांबायची. मग त्याला वळसा घालून निघून जायची. एकदा झालं, दोनदा झालं, वीस वेळा झालं. वाईट ते नव्हतं. वाईट हे होतं की थांबल्यावर कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. तिथे कुणी उभंच नाही, जागा तेवढी मोकळी सोडायची आहे, असं त्यांचं वागणं होतं. हे मी आधी पाहिलेलं आहे, असं मला वाटलं, आणि मी तर आयुष्यात या अमेरिकन फुटबॉलची प्रॅक्टिस पहिल्यांदाच पाहत होतो.

ट्रेवर माझ्या शेजारी येऊन बसला. ट्रेवर डिमेलो, वसईचा, मुलांच्या दुखापती बघतो, पट्ट्या बांधतो. या सगळ्या गोऱ्या-काळ्या गर्दीत मराठी बोलणारा एवढा एकच. "घाबरलात काय सर? लाल शर्ट म्हणजे हात लावायचा नाही. क्वार्टरबॅकला प्रॅक्टिसमध्ये कोण पाडत नाय. सगळा खेळ त्याच्या हातातून चालतो ना, तो मोडला की टीम मोडली." मी विचारलं, "आणि मॅचमध्ये?" ट्रेवरने माझ्याकडे न बघता पट्टीचा रोल गुंडाळायला घेतला. "मॅचला लाल शर्ट नसतो सर," तो म्हणाला.

त्यानंतर कोचने मला त्याच्या खोलीत बोलावलं. कोच अमेरिकन, साठीचा, गुडघे गेलेले, आणि बोलणं इतकं हळू की आपल्याला वाईट बातमी सांगताहेत असं वाटावं. बातमी तशी वाईट नव्हती. चौथ्या वर्षाचा जो मुलगा नेहमी क्वार्टरबॅक खेळतो त्याचा खांदा निखळला होता. शनिवारी संध्याकाळी दुबईच्या कॉलेजबरोबर सामना. अमेय नुकताच कॉलेजात आलेला, पहिल्या वर्षाचा, पण हात चांगला, नजर त्याहून चांगली. त्याला उतरवता येईल. नाहीतर चेंडू झेलणाऱ्यांपैकी एकाला तिथे उभं करून वेळ मारून नेता येईल. आता नियम असा की प्रत्येकाला खेळायला चार मोसम मिळतात. अमेय शनिवारी एका मिनिटासाठी जरी मैदानात उतरला तरी त्याचा एक मोसम खर्ची पडला. आणि नाही उतरला, तर हे वर्ष राखून ठेवता येतं. तो सगळं करील. पहाटे व्यायामाला येईल, प्रॅक्टिस करील, टीमबरोबर जेवेल, सामन्याच्या दिवशी रेघेबाहेर उभा राहील. फक्त खेळणार नाही. अंग भरेल, वजन वाढेल, आणि पुढच्या वर्षी चारही मोसम शिल्लक. "ते वर्ष धरलं जात नाही," कोच म्हणाला. "मी दोन्हींना तयार आहे. पण तो अजून अठराचा नाही, तेव्हा सही तुमची." त्याने एक फॉर्म पुढे सरकवला. दोन चौकटी, पहिली खेळण्याची, दुसरी वर्ष राखण्याची, खाली पालकाचं नाव, सही. गुरुवारी पाचच्या आत.

धरलं जात नाही. मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि मनात तेवढंच राहिलं. आमच्या घरात, आमच्या आळीत, मला वाटतं आमच्या सगळ्या जातीजमातीत, सगळ्यांत मोठं पाप म्हणजे वर्ष वाया घालवणं. चोरीमारी चालेल, मुलाचं वर्ष वाया जाता कामा नये. कावीळ झालेली पोरं सलाइन काढून परीक्षेला बसलेली मी पाहिली आहेत. 'त्याचं एक वर्ष गेलं' हे वाक्य आमच्याकडे कुणी वारल्यासारखं आवाज खाली आणून बोलतात. आणि इथे हा भला माणूस मला सांगत होता की धडधाकट पोराचं एक अख्खं वर्ष आपण होऊन बाजूला काढून ठेवा, मुरांब्याची बरणी ठेवावी तसं. मला हसू यायला हवं होतं. मी बाहेर आलो तेव्हा अमेय अंघोळ करून, केस ओले, खांद्यावर बॅग, माझ्या शेजारी उभा होता. "यल्ला बाबा, आय ॲम स्टार्विंग," तो मला घाई करत म्हणाला. मी काचेतून आत पाहिलं. मैदान रिकामं झालं होतं. पार पलीकडे, गोलच्या पिवळ्या खांबांपाशी, लाल शर्ट घातलेलं कुणीतरी उभं होतं. हात खाली सोडलेले. कुणाची वाट बघताना माणूस उभा राहतो तसं. "तो कोण रे?" मी विचारलं. "कोण?" अमेय म्हणाला. माझ्याच श्वासाने काच धुरकटली होती. मी ती बाहीने पुसली. खांब होते, गवत होतं. मागून ट्रेवर म्हणाला, "लाल एकच असतो सर सध्या. दुसरा हॉस्पिटलात." बाहेर पडल्याबरोबर माझा चष्मा दमट हवेने पांढरा झाला, इथे रोज होतो तसाच, आणि अर्धा मिनिट मी मुलाचा दंड धरून आंधळ्यासारखा पार्किंगमधून चाललो.

हे आधी कुठे पाहिलं होतं ते मला सलवा रोडच्या सिग्नलला आठवलं. आठवलं म्हणणं खरं नाही, कारण मी ते पाहिलेलं नाही. ते माझ्या बाबतीत घडलेलं आहे. माझं कागदोपत्री नाव गुरुप्रसाद, जन्म नऊ फेब्रुवारी एकोणीसशे बहात्तर. ही दोन्ही माझी नाहीत. आमच्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनला असायचा. मास्तर पोराचे कान धरून वय ठरवायचे आणि तारीख ठोकून द्यायचे, त्यात कुणाला काही वाटत नसे. पण माझे वडील तहसील कचेरीत नकलनवीस. खोटी तारीख लावणं त्यांच्या हातून होणारं नव्हतं. मी जून अठ्ठ्याहत्तरमध्ये पाचच वर्षांचा होतो, शाळेला सहा पूर्ण लागत, आणि मी तर पेपर वाचून दाखवत होतो. वर्ष कशाला वाया घालवायचं? तेव्हा त्यांनी खोटं काही केलं नाही. पेटीतून एक खरा दाखला काढला आणि शाळेत नेऊन दिला. सिन्नर नगरपालिकेचा, शिक्क्याचा. माझ्या थोरल्या भावाचा. गुरुप्रसाद माझ्या जन्माच्या एक महिना आधी तापाने गेला होता, चौदा महिन्यांचा होऊन. त्याचा दाखला तसाच पडून होता. तो पडून होता हेच वडिलांना वाईट वाटत असावं. सरकारी कागद वापराविना राहिलेला त्यांना बघवत नसे. मला घरी मुकुंद म्हणत. शाळेच्या पहिल्या दिवशी वडिलांनी दारात थांबवून सांगितलं, "आत गेल्यावर तू गुरुप्रसाद. हाक आली की हजर म्हणायचं." एवढंच. रागाने नाही, चप्पल बाहेर काढून ठेव म्हणावं तसं.

हजेरीला गुरुप्रसाद हे नाव आलं की मी एक श्वास थांबायचो. भीती नव्हती, माझ्या मते तो शिष्टाचार होता. ज्याचं नाव आहे त्याला आधी संधी द्यायला नको का? तो काही बोलला नाही की मग मी हजर म्हणायचो. सत्तेचाळीस वर्षं झाली, मी अजून थांबतो. इथे गॅसच्या कंपनीत मीटिंगमध्ये कुणी "मिस्टर गुरुप्रसाद?" म्हणून विचारलं की मी एक श्वास गप्प, आणि लोकांना वाटतं फार विचार करून बोलणारा माणूस. दोनदा प्रमोशन मिळालंय त्यावर. पण गंमत सोडा. त्या एका श्वासात मला नेहमी वाटतं की या वेळी उत्तर येईल. माझ्या थोडं पुढून, पहिल्या बाकावरून. कारण तो नेहमी माझ्या पुढेच असतो, पंधरा महिने पुढे. मी दहावी झालो तेव्हा त्याची वेळेवर झाली होती, माझी लवकर. मी वर्गात सगळ्यांत लहान, हुतुतूत मला कच्चा लिंबू ठेवायचे. मी पकडला गेलो तरी बाद नाही, मी कुणाला पकडलं तरी ते धरायचं नाही. मुलं माझ्यावर धावून यायची आणि वीतभर अंतरावर थांबून, वळसा घालून निघून जायची. मी मैदानाच्या मधोमध उभा असायचो आणि खेळ माझ्या आरपार चालायचा.

आम्ही घरी आलो. अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या बायकोने, चैत्रालीने, थालीपीठं लावली होती. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते, दिवसभर लोकांचं रक्त बघते, त्यामुळे घरी रक्ताचा विषय काढायचा नाही असा नियम आहे. फॉर्म तिने एकदा वाचला, परत दिला. "गुरू, मला विचारशील तर मी त्याला घरातच बसवीन, आणि ते काही उत्तर नाही. तू ठरव. पण ठरवताना त्याला विचार." अमेय तोंडात घास घेऊन म्हणाला, "आय वॉन्ट टु प्ले." विचारून झालं. चौसष्ट किलोंचा मुलगा. समोर बावीस-बावीस वर्षांचे बाप्ये. ट्रेवरने निघताना हळूच सांगितलं होतं, "सर, पोरगा हुशार आहे, पण बॉडी अजून तयार नाही झालेली. एक वर्ष द्या त्याला." एक वर्ष द्या. जणू माझ्याकडे होतं. चैत्रालीला एवढंच माहीत आहे की वडिलांनी माझं वय वाढवून लावलं. कुणाचं लावलं ते मी तिला वीस वर्षांत सांगितलेलं नाही. कारण काही नाही, सांगायला गेलो की तो श्वास आडवा येतो.

बुधवारी मी कामावर काहीच केलं नाही. माझं काम म्हणजे यंत्रं कधी बंद ठेवायची, कधी दुरुस्त करायची याचं वेळापत्रक. प्रत्येक पंपाला एक जोडीदार असतो, स्टँडबाय. चालू पंप बंद पडला तर तो चालवायचा; नाहीतर नुसता उभा. पण त्यालाही आठवड्यातून एकदा हाताने फिरवावं लागतं. नाही फिरवला तर त्याचा दांडा स्वतःच्याच वजनाने वाकतो. हे मी नवीन इंजिनिअर पोरांना कितीदा शिकवलंय. बुधवारी त्याच रजिस्टरसमोर बसलो होतो. आणि मला एकदम कळलं की मी जवळजवळ पन्नास वर्षं एकाला हाताने फिरवत आलो आहे. रोज थोडा, प्रत्येक हाकेला एक श्वास. तो वाकलेला नाही. तो चांगला आहे. मीच आहे तो उभा राहून वाकलेला. पाच वाजता घरी आलो तर बाल्कनीत अमेयचा लाल शर्ट वाळत घातलेला, पाण्याने जड, आणि खाली एसीच्या बाहेरच्या पेटीची गरम हवा लागून त्याच्या बाह्या भरलेल्या. दोन्ही हात खाली सोडून उभा. मी सरकतं दार लावून घेतलं. मग परत उघडलं, कारण दार लावणं मला उद्धटपणाचं वाटलं.

त्या संध्याकाळी, आपल्या डायनिंग टेबलावर, मूग निवडत बसलेल्या बायकोसमोर, मी दुसऱ्या चौकटीत खूण केली. हे वर्ष राखून. सही केली. आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. अंगातून एक लांब, थंड असा सुस्कारा निघाला. मी कधीच असा सुस्कारा टाकत नाही. मी चिडका माणूस आहे, मला बरं वाटलं तरी मी कुरकुरतो. तो सुस्कारा माझ्यातून निघाला आणि मला वाटलं, हे बरं वाटणं माझं नाही. कुणाला तरी फार दिवसांनी वर्ष परत मिळालं होतं. चैत्राली म्हणाली, "झालं ठरवून?" मी हो म्हणालो. एक श्वास थांबून.

गुरुवारी साडेचारला मी आणि अमेय शेडबाहेर गाडीत होतो. इंजिन चालू, एसी चालू, फॉर्म माझ्या मांडीवर. पार्किंगच्या पलीकडे शेताच्या कडेला कुणीतरी खजुराच्या वाळलेल्या झावळ्या रचून ठेवल्या होत्या. या वर्षी खेळायचं नाही, असं मी सांगितलं. अमेय म्हणाला, "ओके." मग, "बिकॉज आय ॲम स्मॉल?" मी वजनाबद्दल बोललो, हाडांबद्दल बोललो, ट्रेवरचं नाव पुढे केलं, चार मोसम शिल्लक राहतील याचा हिशोब मांडला. तो ऐकत होता. तो चांगला ऐकतो. कोच म्हणतो नजर चांगली आहे, पण त्याचं ऐकणं त्याहून चांगलं आहे. माझं बोलणं संपलं तरी तो वाट बघत राहिला, जणू अजून मुद्द्याचं यायचंच आहे. आणि मी, चैत्रालीला नाही सांगितलं ते, त्याला सांगितलं. दाखला, शाळेचं दार, हजेरी. मुकुंद. दहा मिनिटं लागली असतील. माझी आई गेल्यानंतर ते नाव कुणी उच्चारलेलं नव्हतं, आणि उच्चारताना ते मलाच परक्याचं वाटलं.

अमेय समोर बघत होता. "किती मोठा होता?" त्याने विचारलं. त्याने मराठीत विचारलं, आणि मला ते आधी कळलंच नाही.

"चौदा महिन्यांचा."

"चालायला लागला होता?"

हे मी कुणालाही कधी विचारलं नव्हतं. ज्याचं नाव, ज्याची तारीख, ज्याची वर्षं मी वापरली, तो दोन पावलं तरी टाकून गेला का, एवढंही मला माहीत नव्हतं; आणि आता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मला रडू आलं. मुलासमोर, उतरत्या उन्हात, गाडीत बसून मी रडलो. "माहीत नाही," मी म्हणालो.

काचेवर कुणी टकटक केलं नाही, कुणी दिसलं नाही, पण मागच्या सीटवर कुणीतरी बसल्यासारखी गाडी जरा खाली बसली. मी आरशात पाहिलं नाही. अमेयनेही पाहिलं नाही. त्याने माझ्या मांडीवरचा फॉर्म उचलला, खूण केलेली चौकट पाहिली, आणि शब्द जुळवत, एकेक ठेवत म्हणाला, "बाबा, हे तू माझ्यासाठी केलंस की त्याच्यासाठी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. घड्याळात पाचला दहा कमी होते, वेळ थोडा होता, खोटं पटकन होतं. "त्याच्यासाठी," मी म्हणालो. उत्तर द्यायच्या आधी मी थांबलो नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अमेयने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॅशबोर्डवरचं पेन काढून त्याने माझ्या हातात दिलं. "मग त्याला बसव," तो म्हणाला. "मी खेळतो."

मी दुसऱ्या चौकटीवर आडवी रेघ मारली. पहिल्या चौकटीत खूण केली. रेघ सरळ आली. खाडाखोड झाली की शेजारी पुन्हा सही लागते, जगातल्या कुठल्याही कचेरीत लागते. मी सही केली. पूर्ण नावाची, पासपोर्टवर आहे तशी, वळणदार, ठाम. दुसरी सही मला येत नाही. अमेय कागद घेऊन उतरला आणि धावत आत गेला. शनिवारी मैदानात उतरायची परवानगी त्याला माझ्या भावाने दिली होती.